भरणाऱ्याचा वाटा

अब्बासभाई कुठलीही गोष्ट एकदाच सांगत. समोरच्याने "काय?" म्हणून विचारलं, तर ते त्याच्याकडे क्षणभर बघत आणि पुन्हा हातातल्या कामाला लागत. नवीन आलेल्या माणसाला तो उर्मटपणा वाटे. मलाही पहिले दोन महिने वाटला. मग एकदा मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा म्हणाले, "मास्तर, आमच्या घरात ठासणीची बंदूक. तिच्यात बार एकच. दुसरा ठासेपर्यंत डुक्कर नदीपलीकडे. सवय लागली ओ तीच."

गंमत अशी की त्यांचा उजवा कान त्याच बंदुकीने जवळजवळ निकामी केला होता. त्यामुळे इतरांना मात्र त्यांच्याशी प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावी लागे.

मी मास्तर नव्हतो. सौदी अरेबियात तबूकच्या बाहेर एका मोठ्या शेतावर माती आणि पाणी तपासायचं काम करत होतो. खोलीत पुस्तकांची दोन खोकी होती, तेवढ्यावरून त्यांनी मला मास्तर ठरवलं. हळूहळू बंगाली मजूर, पठाण ड्रायव्हर, केरळचा क्लार्क, सगळे मास्तर म्हणू लागले. शेताचे मालक अबू नायिफसुद्धा 'मस्तर' म्हणत.

अब्बासभाईंना जाऊन आठ महिने झाले. मी तोवर तबूक सोडून लाल समुद्राकाठच्या थुवालला आलो होतो. फोन आला तेव्हा दफन उरकलं होतं, तिथेच, तबूकच्या कब्रस्तानात. त्यांच्याविषयी लिहायला मी बऱ्याचदा बसलो आणि उठलो. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. त्यांची बायको लवकर वारली, मुंबईत एक मुलगी आहे, रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी घर आहे, ते धाकट्या भावाच्या नावावर आहे, एवढंच. बाकी जे माहीत आहे त्यातलं निम्मं पंपांबद्दल आणि पाइपांबद्दल आहे.

साठीचा माणूस. काटक, जरा पुढे वाकलेला, पांढरी दाढी नीट कापलेली. पंपघराच्या मागच्या खोलीत राहत. पंप बंद पडला तर त्यांना जाग येई, चालू असताना कितीही आवाज असो, झोप लागलेली. त्यांना लिहिता येई ते उर्दू शाळेतलं. मराठी अक्षरं एकेक लावून वाचत आणि मध्येच कंटाळून माझ्याकडे कागद सरकवत, "तुम्हीच वाचा. माझ्या डोळ्यासमोर ती उभी राहतात, चालत नायत."

त्यांच्या बोलण्यात सगळी शिकार असे. पाइप फुटला तर "जनावर बसलंय कुठंतरी". पंप धापा टाकू लागला की "घायाळ झालाय, पळणार नाय लांब". आमच्याकडे पिव्हट होते. पाण्याचा लांबच लांब हात चाकांवर गोल फिरतो आणि शंभर एकर भिजवतो, ते यंत्र. एकदा जमिनीखालच्या पाइपातून पाणी झिरपत होतं आणि जागा सापडत नव्हती. जेद्दाहून एक तंत्रज्ञ यंत्र घेऊन आला, दोन दिवस कानाला लावून हिंडला. तिसऱ्या दिवशी फजरची नमाज झाल्यावर अब्बासभाई मला उठवून घेऊन गेले आणि एका टेकाडावर बसवलं. म्हणाले, "बोलू नका." उन्हं यायच्या आधी चंडोलांचा एक थवा आला आणि कोरड्या दिसणाऱ्या वाळूत एकाच जागी उतरून चोची मारू लागला. अब्बासभाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. फावडं घेऊन उतरले. तंत्रज्ञ उठायच्या आत पाइप उघडा झाला होता.

मी शाकाहारी, याची त्यांना मनापासून दया येई. हिवाळ्यात पाऊस झाला की वाळवंटात जमिनीखाली फगा नावाचं बटाट्यासारखं अळिंब येतं. ते शोधायला त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. एका शुक्रवारी आमसुलाच्या सारासोबत त्याची भाजी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "घ्या. पाय नाय, रक्त नाय, पळत नाय. तुमच्या धर्मात बसणारी शिकार हीच."

"आणि तुमच्यासाठी?"

"मी पण हीच खाणार. पण मला लाज वाटेल."

अबू नायिफ सत्तरीचे होते. त्यांच्या बैठकीत, कॉफीच्या पितळी किटल्यांच्या वर, आजोबांची बंदूक टांगलेली होती. माणसाच्या खांद्याइतकी उंच, चांदीच्या पट्ट्या गुंडाळलेली, वात पेटवून उडवायची. तिकडे तिला फतील, म्हणजे वातच, म्हणतात. आपल्याकडचा पलिता तो हाच शब्द असणार, असं मी अब्बासभाईंना सांगितलं होतं. ते म्हणाले, "शब्द कुठचाही असू दे, वात सुकी पायजे."

त्या बैठकीतला पाण्याचा कूलर दुरुस्त करायला आम्ही एकदा गेलो होतो. काम झाल्यावर अब्बासभाई बंदुकीसमोर उभे राहिले. मालकांनी कौतुकाने ती खाली काढून त्यांच्या हातात दिली. अब्बासभाईंनी नळीखालचा लोखंडी गज ओढून काढला, तो बाहेरून नळीला लावून बघितला, मग नळीत सोडला. गज चार बोटं वर राहिला.

"भरलेली हाय," ते म्हणाले. आधी मराठीत, मग त्यांच्या मोडक्या अरबीत.

"काय?" मालक म्हणाले.

अब्बासभाई अर्थातच पुन्हा बोलले नाहीत. त्यांनी खाली वर्तमानपत्र पसरलं, गजाच्या टोकाला स्क्रू बांधला आणि फिरवत फिरवत आतला माल काढला. पहिल्यांदा खजुराच्या काथ्याचा बोळा आला. मग शिशाची गोळी, काळी पडलेली. मग दुसरा बोळा, आणि शेवटी मूठभर काळी बारूद, कोरडी, कालच भरल्यासारखी. मालकांचे आजोबा जाऊन साठ वर्षं झाली होती. एवढी वर्षं ती बंदूक नोकरांनी पुसली होती, नातवंडांनी एकमेकांवर रोखली होती.

मालक बराच वेळ गोळीकडे बघत बसले. "कोणासाठी भरली असेल?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "हे सगळं घरातून घेऊन जा." अब्बासभाईंनी बारूद आणि गोळी कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरली आणि डबा पंपघरात कोनाड्यात ठेवला.

परतताना ते खुशीत होते, म्हणून जास्त बोलले. त्यांच्या घरी बंदूक उडवायची बापाने आणि भरायची अब्बासभाईंनी, असं त्यांच्या पंधराव्या वर्षापासून ठरलेलं होतं. भात वाचवायला सरकारने दिलेला परवाना. जनावर पडलं की पहिला वाटा भरणाऱ्याचा, मग उडवणाऱ्याचा, मग हाकाऱ्यांचा.

"पण डुक्कर तुम्हाला चालत नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर मजा. वाटा माझा, मी तो हातात घ्यायचा आणि कुणबीवाडीतल्या धोंडूला द्यायचा. वर्षभर धोंडू मला काकड्या आणून द्यायचा."

"भरणाऱ्याला पहिला का?"

"बंदूक फुटली तर नाव कोणाचं घेणार? भरणाऱ्याचं. बाप म्हणायचा, उडवणारा बोट हलवतो, बाकी सगळं भरणाऱ्याचं."

"आणि बार चुकला तर?"

"तर चुकला तो वाटा पण भरणाऱ्याचाच. बाप मला सगळ्यांसमोर शिव्या घालायचा. स्वतःचा नेम चुकला असला तरी मलाच. आणि मी ऐकून घ्यायचं, असा नियम."

त्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, त्यांचे वडील गेले. नव्वदीच्या पुढचे होते. विमानाची जुळणी होईपर्यंत तिकडे माती झाली, म्हणून अब्बासभाई गेलेच नाहीत. तीन दिवस पंपघराच्या दाराशी बसून लोक भेटायला येत होते त्यांना चहा पाजत राहिले. चौथ्या दिवशी सात नंबरच्या पिव्हटचं चाक बदललं.

थंडी सुरू झाल्यावर पुतण्याने फोनवर एका पत्राचा फोटो पाठवला. मी तो वाचून दाखवला. निवडणुकीच्या वेळी सगळ्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. यांच्या वडिलांचीही तिथे गेली होती, आणि ती परत मिळायच्या आत परवानाधारक मयत झाले होते. सबब कायदेशीर वारसाने मार्चअखेर समक्ष हजर राहून अर्ज करावा, अन्यथा सदर शस्त्र शासनजमा करण्यात येईल.

"समक्ष म्हणजे?"

"स्वतः जाऊन."

"फोटोवर नाय चालणार? अंगठा पाठवला तर?"

"नाही चालणार."

मी विचारलं, "बंदूक घेऊन आता करणार काय अब्बासभाई? रानात पूर्वीसारखं राहिलंय कुठे? आणि कायदे…"

"उडवायची कोणाला हाय? डुकरांना आवाज दिला तरी पुरे. नुसता बार काढायचा, गोळीशिवाय. भात वाचतं." मग म्हणाले, "घर भावाच्या नावावर हाय. जमीन पण त्याच्याच. बापाच्या नावाच्या खाली माझं नाव लागेल असा हा एकच कागद, मास्तर. तेवढा लागला की मी जातो. शेतातल्या मांगरात बसतो. इथं कोणाला पायजे मी? पंप शिकलेला माणूस दहा मिळतात."

रजा मागायला गेले तर मालकांनी हात वर केला. बटाट्याचं पीक जमिनीत होतं, आणि बटाटे निघेपर्यंत, म्हणजे एप्रिल संपेपर्यंत, पंपवाल्याला सोडायला ते तयार नव्हते. अब्बासभाईंनी एकदा सांगितलं आणि परत आले. मी म्हटलं, पुन्हा विचारा. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

जानेवारीत मालकांनीच बोलावलं. त्यांचा मेहुणा रियाधहून आला होता. पश्चिमेच्या डोंगरात मागे वळलेल्या लांब शिंगांचा रानबोकड दिसल्याची बातमी होती, आणि दोघांत पैज लागली होती की आजोबांच्या बंदुकीने तो पडतो की नाही. अब्बासने येऊन बंदूक भरावी. परत आलं की रजेच्या कागदावर सही.

त्या जनावराच्या शिकारीला बंदी आहे. आणि इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, असलेल्या परदेशी माणसाने बंदुकीला हात लावलेला कोणी बघितला तर काय होईल, हे मला ठाऊक होतं. मी ते बोललोही. अब्बासभाई म्हणाले, "खरं हाय." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही या सोबत. उजव्या बाजूने हाक मारलान तर मला कळत नाय. तुम्ही त्या बाजूला असा." मी गेलो. मला जायचं नव्हतं आणि मी गेलो. त्यावर आणखी काय लिहावं हे मला कळत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा उजाडत होतं. थंडीने बोटं वाकत नव्हती. पुढे मालक, मेहुणा आणि वाट दाखवणारा एक मेंढपाळ, मागे आम्ही. अब्बासभाई चालायला लागले आणि मला ते पहिल्यांदाच ओळखू येईनात. पाठीतला बाक गेला होता. खडकाच्या कडेला टाच न टेकता ते चढत होते आणि दर दहा पावलांनी नाक वर करून वारा बघत होते.

एका घळीच्या तोंडाशी मेंढपाळाने हात केला. वर, शंभरेक पावलांवर, कड्याच्या पट्टीवर बोकड उभा होता. मालकांनी बंदूक अब्बासभाईंकडे दिली आणि कोटातून प्लॅस्टिकची बाटली काढली. त्यात बारूद होती. अब्बासभाईंनी चिमूटभर तळहातावर घेतली. करडी, चकाकणारी, चपट्या कणांची. त्यांनी ती बोटाने पसरली, वास घेतला.

"ही नव्या काडतुसातली," ते हळू आवाजात म्हणाले. "या बंदुकीत चालणार नाही. नळी फुटेल."

"बारूद ती बारूद," मालक म्हणाले. "भर."

"ही वेगळी. हिचा जोर वेगळा. नळी जुनी, आतून खड्डे पडलेत. तोंडावर फुटेल."

मेहुणा हसला. "अबू नायिफ, तुझ्या हिंदी माणसाला भीती वाटतेय. की तुला वाटतेय?"

"मालक, फुटेल," अब्बासभाई तिसऱ्यांदा म्हणाले.

सहा वर्षांत मी त्यांना एकच गोष्ट तीनदा सांगताना तेवढं एकदाच ऐकलं.

"यल्ला, चल," मालक म्हणाले. "भरून आण. नाहीतर घरी जाऊन पंप बघ, आणि पंपच बघत राहा."

अब्बासभाई बंदूक आणि बाटली घेऊन खडकाच्या आड गेले. मी त्यांच्या उजवीकडे होतो. त्यांनी बाटलीतली सगळी बारूद वाळूत ओतली आणि पायाने वर वाळू सारली. मग अंगातल्या जाड जॅकेटमधून कॉफीचा डबा काढला. आजोबांची जुनी बारूद. तिच्यातली एक चिमूट वात टेकते त्या खळगीसाठी बाजूला, आणि बाकीच्यातली निम्मीच नळीत. खजुराचा काथ्या, त्यावर गज. तीन ठोके. आणखी काथ्या, आणखी तीन ठोके. डब्यात गोळी वाजली. तिला त्यांनी हात लावला नाही. डबा बंद करून जॅकेटमध्ये परत ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि बंदूक घेऊन गेले.

मालकांनी दगडावर नळी टेकली. वात पेटली. क्षणभर काहीच झालं नाही, मग मोठा आवाज झाला, आणि पांढऱ्या धुराने सगळी घळ भरली. आवाज कड्यांवर आपटत लांब गेला. धूर विरला तेव्हा बोकड तिथेच होता. त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं, आणि मग घाई न करता, एकेक पायरी चढावी तसा वर निघून गेला.

"दगडाला सुद्धा लागली नाही," मेहुणा म्हणाला.

मालकांनी बंदूक खाली घेतली. त्यांचा उजवा हात थरथरत होता. थंडीचा असेल, वयाचा असेल. मेहुण्याला तो दिसला. परतीच्या वाटेवर, चहाच्या वेळी, गाडीत, तो तेच बोलत राहिला. हाताने कॉफी सांडत नाही ना अजून? रात्री जोडे कोण घालून देतं? आपल्याकडे थट्टा करतात तशीच थट्टा होती. मालक हसत होते. गाडीतून उतरताना म्हणाले, "अब्बास, उद्या कागद घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सही झाली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट निघालं. मी पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज लिहून दिला, वारसाचा दाखला कुठून घ्यायचा ते वेगळ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं. अब्बासभाईंनी दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले.

पण मालक शेतावर यायचे बंद झाले. आधी रोज सकाळी स्वतः गाडी चालवत येत, पिव्हटच्या कडेने एक फेरी मारत. क्लार्क म्हणाला, गाडीच्या चाव्या त्यांनी मुलाला देऊन टाकल्या, म्हणतात नजर गेली, हात गेला. अब्बासभाई बैठकीत कसला तरी नळ बघायला गेले होते, तेव्हा त्यांना दिसलं की पाहुण्यांना कॉफी दुसराच कोणी ओततोय आणि मालक हात बाहीत घालून बसलेत.

तिकिटाला पाच दिवस होते. पंपघरात ते मला म्हणाले, "मास्तर, मी त्यांना सांगणार."

"आत्ता?"

"मग कधी?"

"परत आल्यावर सांगा. सही रद्द करतील ते. एवढं तरी कळतं ना तुम्हाला?"

"कळतं."

"तुम्ही त्यांचा जीव वाचवला आहे. फसवलं नाही. दोन महिन्यांनी सांगितलंत तर काय बिघडेल? बंदूक एकदा नावावर होऊ दे."

"दोन महिने तो हात बाहीत घालून बसणार?"

"बसेल."

माझं उत्तर ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. रागावले नाहीत. जरा दमल्यासारखे दिसले. "वाटा माझा हाय," ते म्हणाले, "आणि खातोय तो."

मी त्यांच्याबरोबर बैठकीपर्यंत गेलो. आत जाण्याआधी मी पुन्हा एकदा म्हणालो, राहू द्या. उजव्या कानाकडून म्हणालो होतो की डाव्या, ते आता आठवत नाही.

मालक एकटेच होते. अब्बासभाईंनी कॉफीचा डबा उघडला आणि शिशाची काळी गोळी त्यांच्यासमोर बशीत ठेवली. मग सांगितलं. बंदुकीत गोळी नव्हती. बारूद तुमच्या आजोबांची होती, निम्मी. तुमचा हात चुकला नाही.

मालकांनी "काय?" म्हणून विचारलं नाही. गोळी उचलून दोन बोटांत धरली.

"तू मला 'नाही' असं का म्हणाला नाहीस?"

"तीनदा म्हटलं."

"मेहुण्यासमोर."

"हो."

मालकांनी बाहीतला हात काढून समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. हात थोडा हलत होता, आणि गोळी नव्हती म्हणून तो हलायचा थांबणार नव्हता. पण ते काहीतरी तपासून बघावं तसे बघत होते. मग म्हणाले, "कागद." अब्बासभाईंनी पिशवीतून रजेचा कागद काढून दिला. मालकांनी त्याची घडी केली आणि खिशात ठेवली.

"बटाटे निघाले की जा. खलास."

त्यात आवाज चढलेला नव्हता. शिक्षा होती की आणखी काही, हे मी अजून ठरवू शकलो नाही. कधी वाटतं, एवढी गोष्ट माहीत असलेला माणूस त्यांना काही दिवस नजरेसमोर हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी पिव्हटच्या कडेने फिरताना दिसली. ते स्वतः चालवत होते. अब्बासभाईंनी पाना खाली ठेवून गाडी लांब जाईपर्यंत बघितली आणि म्हणाले, "तिसऱ्या गिअरवर घालायला विसरलाय." मग पुन्हा पाना उचलला.

मी मुदतवाढीसाठी दोन अर्ज लिहिले. एक पुतण्याने नेऊन दिला, एक टपालाने गेला. उत्तर आलं नाही. मार्च संपला त्या दिवशी आम्ही दोघं वारा पडलेल्या संध्याकाळी एका व्हॉल्व्हचं रबर बदलत होतो. मला त्यांना विचारायचं होतं, पश्चात्ताप होतो का. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी रबर धरून ठेवण्याचं काम नीट केलं.

मेमध्ये ते गावी गेले आणि महिन्याने परत आले. येताना माझ्यासाठी आमसुलं आणि कुळथाचं पीठ आणलं. मी न विचारता एका शुक्रवारी जेवताना त्यांनीच सांगितलं. बंदुका जिल्ह्याला गेल्या होत्या. हवालदार बरा होता. त्याने खुर्ची दिली, रजिस्टर काढून दाखवलं. एका ओळीत बापाचं पूर्ण नाव, गाव, बंदुकीचा नंबर.

"नावाच्या खाली जागा सोडलेली होती," अब्बासभाई म्हणाले. "वारसाची. रिकामी. तिथं शिक्का मारलान."

"कसला?"

"शासनजमा. चांगला मारलान. सरळ."

त्या वर्षीच्या डिसेंबरात मला थुवालच्या विद्यापीठात प्रयोगशाळेतलं काम मिळालं. माझे कागद घ्यायला मी ऑफिसात गेलो, तेव्हा अब्बासभाई क्लार्कच्या टेबलासमोर उभे होते. त्यांचा करार संपत होता. दर दोन वर्षांनी सही करताना ते "ही शेवटची" असं बजावत, आणि क्लार्क ते आधीच ओळखून हसत असे. या वेळी त्यांनी कागद ओढला, उर्दूत हळूहळू नाव लिहिलं आणि पेन परत दिलं.

"अब्बासभाई, लास्ट टाइम नहीं बोला आज?" क्लार्कने विचारलं.

त्यांनी डावा कान पुढे केला. क्लार्कने पुन्हा विचारलं.

"जूता देना," अब्बासभाई म्हणाले. "नया. नौ नंबर."

क्लार्कने मागच्या कपाटातून खोकं काढून दिलं. लोखंडी टोकाचे, जाड तळव्याचे, कामाचे बूट. अब्बासभाई बाकावर बसले, जुने काढले, नवे चढवले, नाड्या आवळल्या आणि उभे राहून दोनदा पाय आपटून बघितले.

"दो साल चलेगा?"

"चलेगा, चलेगा," क्लार्क म्हणाला.

माझी गाडी बाहेर उभी होती. आम्ही एकमेकांचा निरोप आदल्या दिवशी घेतला होता, म्हणून त्यांनी मला नुसती मान हलवून दाखवली आणि दार उघडून बाहेर पडले. मी खिडकीतून बघत होतो. बूट नवे असल्याने टाचेला लागत असावेत. ते जरा रुंद पाय टाकत, सावकाश, सात नंबरच्या पिव्हटकडे चालत गेले.